आपली बातमी घरोघर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्यासपीठावरून बोलण्याची सवय नाही. परंतु मंडळाचे वार्तापत्र मोबाइलवरून घरोघर पाठविण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे. त्यात जे पाहिले, तेवढेच आपल्यापुढे मांडते.

आमच्या आजेसासूबाईंकडे किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक येत असे. १९३० साली निघालेले ते मासिक. टपालाने घरी आले की आधी सासूच्या हाती, मग सुनेच्या, मग शेजारणीच्या, असे ते फिरे. मोबाइल तसा फिरत नाही. तो ज्याच्या खिशात, बातमी त्याचीच. गेल्या वर्षी मंडळाने बायकांसाठी रक्त तपासणीचे शिबिर भरविले. मागच्या आळीतल्या एका वहिनींना चक्कर येते, हे आपण सर्वजणी जाणतो. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाणी भरताना म्हणाल्या, “अहो, मला कळलेच नाही!” निरोप त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर पोचला होता. त्याने तो वाचलाही होता. पण आईला सांगायचे राहून गेले. तेव्हा प्रश्न निरोप किती मोबाइलांवर गेला हा नाही; तो बाईच्या कानी पडला का, हा आहे.

यासाठी काही गोष्टी कराव्यात, असे मला वाटते.

पहिली गोष्ट, संपूर्ण वार्तापत्र एकदम पाठवू नये. स्वयंपाक करता करता कोण वाचणार? एका वेळी एकच बातमी द्यावी. काय, कुठे, कधी, हे पहिल्या ओळीतच यावे. तारखेबरोबर वार आणि सालही लिहावे, कारण व्हॉट्सॲपवरचे निरोप जुने झाले तरी फिरतच राहतात. ज्यांना वाचणे जड जाते, त्यांच्यासाठी तीच बातमी आपल्या आवाजात बोलून पाठवावी. ओळखीचा आवाज लवकर ऐकला जातो.

दुसरी गोष्ट, गट करावा की ब्रॉडकास्ट यादी? गटात प्रत्येकीचा नंबर सर्वांना दिसतो, आणि ते कित्येकींना आवडत नाही. यादीतून पाठविले की निरोप प्रत्येकीला स्वतंत्र मिळतो. एका यादीत २५६ नावे बसतात. मात्र जिने मंडळाचा नंबर आपल्या मोबाइलमध्ये साठविला असेल, तिलाच तो निरोप पोचतो. म्हणून आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने मंडळाचा नंबर साठवून घ्यावा. स्टेटसवर लावलेली बातमी चोवीस तासांत नाहीशी होते. तेवढ्यावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट जपून सांगते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. पाच किंवा अधिक हातांतून आलेल्या निरोपावर दोन बाणांची खूण येते, आणि एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. ती खूण दिसली की थांबावे आणि विचारावे. मंडळाच्या प्रत्येक बातमीखाली मंडळाचे नाव आणि खात्री करून घेणारीचे नाव असावे. ज्याखाली नाव घालण्याची आपली तयारी नाही, ते पाठवूच नये.

तसेच हळदीकुंकवाचे किंवा मुलींच्या स्पर्धेचे फोटो फेसबुकवर टाकण्यापूर्वी त्या त्या घरी विचारावे. एकदा बाहेर गेलेला फोटो परत बोलावता येत नाही.

शेवटी, ज्यांच्या हाती मोबाइलच नाही, त्यांचे काय? आपल्या पेठेत अशा बायका थोड्या नाहीत. माझी सूचना अशी की, प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या शेजारची चार घरे वाटून घ्यावीत. बातमी आली की उंबऱ्यापर्यंत जाऊन त्या घरच्या बाईलाच सांगावे, मुलाला किंवा मालकांना सांगून परत फिरू नये. एक कागद देवळाजवळच्या फळ्यावरही लावावा. या कामाला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

पुढच्या महिन्यात रक्त तपासणीचे शिबिर पुन्हा आहे. मागच्या आळीतल्या त्या वहिनींचे घर मी माझ्या चार घरांत घेतले आहे. बाकीच्या घरांची यादी चहाच्या टेबलावर ठेवली आहे. आपापली नावे जरूर घालावीत, एवढी विनंती करून माझे बोलणे संपविते.