चढ तेवढाच, जागा दोन

(वसंत व्याख्यानमाला, धाड)



गणितावर व्याख्यान म्हटल्यावर खुर्च्या रिकाम्या राहतील, असा माझा अंदाज होता. तो चुकला, बरं झालं.

आपण घाटावरची माणसं, मलकापूर-नांदुऱ्याकडची घाटाखालची. राजूर घाटातून एसटी वर येताना ड्रायव्हर गिअर का बदलतो? चढ बदलतो म्हणून. घाट किती उंच याच्याशी इंजिनाला देणंघेणं नाही. आत्ता, या जागी चढ किती, एवढंच त्याला कळतं. विकलज सांगतो तेही हेच. वक्रावरच्या एका बिंदूपाशी चढ किती, तो आकडा. त्या बिंदूतून तेवढ्याच चढाची रेषा ओढली की झाली स्पर्शिका.

आता बारावीच्या पोरांच्या वहीतलं वाटावं असं एक उदाहरण. य = क्ष³ − ३क्ष + २ हा वक्र. य = ९क्ष + ४ या रेषेला समांतर असणाऱ्या त्याच्या स्पर्शिका काढा. समांतर रेषांचा चढ सारखा, हे दहावीत झालंय. म्हणून रेषेकडून फक्त ९ घ्यायचा, ४ सोडून द्यायचा. वक्राचा विकलज ३क्ष² − ३. तो ९ कुठे होतो? क्ष² = ४. इथे पोरं क्ष = २ लिहून पेन खाली ठेवतात! अहो, उणे २ पण आहे. बिंदू (२, ४) आणि (−२, ०). स्पर्शिका य = ९क्ष − १४ आणि य = ९क्ष + १८. घाटात दोन वळणांवर सारखाच चढ लागतो, तसं.

गंमत पुढे आहे. स्पर्शिका वक्राला एकदाच भेटते, असं आपण वर्तुळावरून धरून चालतो. पण यातली पहिली रेषा क्ष = −४ पाशी त्याच वक्राला खुशाल कापून जाते. आणि चढ उणे ४ मागितला तर? क्ष² ऋण येतो. अशी जागाच नाही. या वक्राचा उतार उणे ३ च्या पुढे जातच नाही. ‘उत्तर नाही’ हेही उत्तर असतं, हे पोरांना पटवताना मास्तरांचा घसा बसतो.

चढ शून्य मागितला, तर प्रश्न थेट भास्कराचार्यांपाशी जातो. ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी लिहिलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त त्यांनी ग्रहाची त्या क्षणाची गती, म्हणजे ‘तात्कालिकी गती’ काढली. ज्येतला (म्हणजे साइनमधला) बारीकसा बदल कोटिज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात असतो, हे त्यांना ठाऊक होतं. ग्रहाचं ‘फल’, म्हणजे त्याच्या सरासरी आणि प्रत्यक्ष स्थानातला फरक, जिथे सर्वांत जास्त, तिथे त्याचा बदल शून्य, हेही त्यांनी सांगितलं. आजच्या भाषेत, तिथली स्पर्शिका आडव्या रेषेला समांतर. म्हणून सगळं कलनशास्त्र आपलंच, असं कुणी म्हणालं तर मात्र टाळ्या वाजवू नका. कुठल्याही वक्राला लावता येईल अशी रीत सतराव्या शतकात न्यूटन-लायब्निझ यांच्या हातून उभी राहिली.

आपल्याच अजिंठ्याच्या रांगेत, चाळीसगावजवळ पाटण्याला, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला होता. तसा तेराव्या शतकातला शिलालेख तिथे आहे. या सुट्टीत पोरांना एकदा दाखवून आणा.