आरपीजीसाठी पीसी घेताय? आधी माझी चूक ऐका

आजचा भाग जरा वेगळा आहे. बरेच दिवस तुमचे मेसेज येतायत की, “दादा, मोबाईलवर खेळून कंटाळा आला, आता पीसी घ्यायचाय, विचर खेळायचाय, बॉल्डर्स गेट खेळायचाय, काय घेऊ?” आज त्यावरच बोलू. पण यादी वाचून दाखवण्याआधी मी स्वतः कसा फसलो ते सांगतो. म्हणजे खरं तर मला कुणी फसवलं नव्हतं, माझा मीच फसलो.

२०१९ सालची गोष्ट. मी डिप्लोमा करून अंबडला एका कंपनीत अप्रेंटिस होतो. स्टायपेंडमधून तेवीस हजार साठवले होते. बाबांनी पंधरा दिले. बाबा सातपूरला कामाला, ओव्हरटाईम करून घरी यायचे. त्यांनी पैसे देताना एकच विचारलं, “चांगलं मिळेल ना यात?” मी म्हटलं, “एकदम भारी मिळेल.”

दुकानात गेलो. नाव घेत नाही, त्यांचा काही दोष नाही. काचेचा कॅबिनेट, तीन पंखे, सातरंगी लाईट. डब्यावर लिहिलेलं, “चार जीबी ग्राफिक्स कार्ड”. मी विचार केला, विचर थ्रीला दोन जीबीचं कार्ड चालतं म्हणतात, आपलं तर चार जीबी! घेतला, रिक्षात मांडीवर घेऊन सिडकोत घरी आणला.

गेम सुरू केला. सगळ्या सेटिंग कमीत कमी, रिझोल्यूशन खाली, तरी सेकंदाला पंधरा-सोळा फ्रेम. घोड्यावर बसलं की घोडा चालत नव्हता, फोटोमागून फोटो येत होते. बाबा मागून येऊन उभे राहिले. “झालं का चालू?” मी म्हटलं, “हो, झालं.” आणि स्क्रीनकडेच बघत बसलो. त्या खोट्या “हो”ची गोष्ट शेवटी परत सांगतो.

आता चूक काय झाली ते समजून घ्या. माझं कार्ड होतं जीटी ७३०. त्यात मेमरी चार जीबी होती, हे खरं. पण मेमरी म्हणजे टाकी. गंगापूर धरण काठोकाठ भरलंय आणि तुमच्या घराला येणारा पाइप अर्ध्या इंचाचा आहे, तर बादली भरायला वेळ लागणारच ना? त्या कार्डाचा पाइप ६४ बिटचा होता, मेमरी जुन्या डीडीआर३ जातीची, आणि आत काम करणारे छोटे कोअर ३८४. आता जीटीएक्स १६५० बघा. डब्यावर तेच “चार जीबी”. पण पाइप १२८ बिटचा, मेमरी जीडीडीआर५, कोअर ८९६. आकडा तोच, काम कितीतरी वेगळं. म्हणून पहिला नियम: कार्ड किती जीबीचं हे नंतर, आधी मॉडेलचं पूर्ण नाव विचारा. दुकानदार नुसतं “चार जीबीचं आहे” म्हणाला तर म्हणा, “काका, मॉडेल सांगा.”

बरं, आरपीजीला वेगळा पीसी लागतो का? लागतो, आणि हेच बरेच जण सांगत नाहीत. तुम्ही बीजीएमआय किंवा नेमबाजीचे गेम खेळत असाल तर सेकंदाला जितक्या जास्त फ्रेम तितकं चांगलं. आरपीजीत तसं नसतं. बॉल्डर्स गेट थ्री घ्या, २०२३ च्या ऑगस्टमध्ये आलेला. त्यात पाळी-पाळीने खेळायचं, पत्त्यांसारखं. तुमची पाळी आली की तुम्ही चहा पिऊन या, शत्रू थांबतो. तिथे तीस-चाळीस फ्रेममध्येही मजा येते. एल्डन रिंग, २०२२ चा, तो तर पीसीवर साठ फ्रेमच्या वर जातच नाही. गेमनेच मर्यादा घातलीय. मग फक्त त्याच्यासाठी १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला जास्तीचे पैसे कशाला?

मग आरपीजीला लागतं काय? तीन गोष्टी.

एक, प्रोसेसर. आरपीजीत शहरं असतात. बाजार, माणसं, प्रत्येकाचं काहीतरी काम चालू. ही सगळी माणसं हलवायचं काम प्रोसेसरचं. बॉल्डर्स गेटचा तिसरा अंक शहरात घडतो, आणि पहिल्या अंकात लोण्यासारखा चाललेला पीसी तिथे अडखळतो. विचरमधलं नोविग्राड शहरही तसंच. सुरुवातीच्या जंगलात गेम चांगला चालला म्हणून खूश होऊ नका.

दोन, एसएसडी. बॉल्डर्स गेटला १५० जीबी जागा लागते आणि तीही एसएसडीवर, असं त्याच्या किमान गरजांमध्येच लिहिलंय. सायबरपंक २०७७ नेही २०२३ च्या मोठ्या अपडेटपासून एसएसडी सक्तीची केली. म्हणजे २५६ जीबीची एसएसडी घेतलीत तर विंडोज आणि एक गेम, की संपली. ५०० जीबी किमान, जमलं तर एक टीबी. आणि हो, १५० जीबी डाउनलोड करायला ५० एमबीपीएसच्या लाईनवर जवळपास सात तास जातात. मोबाईलच्या डेटा पॅकवर हे करायला जाऊ नका.

तीन, ग्राफिक्स कार्डची मेमरी. आत्ताच मी तिला टाकी म्हणून हिणवलं, पण पाइप चांगला असेल तर टाकीही मोठी हवी. बॉल्डर्स गेटला किमान चार जीबी सांगितलीय, पण शिफारस आहे आठ जीबीवाल्या आरटीएक्स २०६० सुपर किंवा आरएक्स ५७०० एक्सटीची, सोबत १६ जीबी रॅम. किमान म्हणजे “उघडतो”. शिफारस म्हणजे “खेळता येतो”. हा फरक मला २०१९ ला माहीत असता तर पुढची गोष्टच घडली नसती.

आता दुसरी गोष्ट. २०२५ च्या मे महिन्यात माझ्या मावसबहिणीचा फोन आला. निफाड तालुक्यात राहते, घरी द्राक्षबाग. दहावी झालेली, कॉम्प्युटर डिप्लोमाला जायचं होतं. “दादा, काका-मावशी म्हणू नकोस मध्ये, खरं सांग, पंचावन्न हजारात बॉल्डर्स गेट चालेल असा पीसी येईल का?” मी म्हटलं, “काका-मावशी तुझे आई-बाप आहेत, त्यांना न सांगता मी काही करणार नाही. रविवारी येतो.”

गेलो. काकांनी चहा दिला आणि सरळ विचारलं, “खेळायला पंचावन्न हजार? यंदा बागेचा खर्च बघितलायस का तू?” बरोबर होतं त्यांचं. मला बाबांचे पंधरा हजार आठवले. मी म्हटलं, “काका, ती खेळणार आहे, हे मी लपवत नाही. पण डिप्लोमाची सगळी सॉफ्टवेअर याच मशीनवर चालतील, आणि चार-पाच वर्षं बदलावा लागणार नाही असा बघू. एकेक वस्तू तुम्हाला सांगून घेऊ.”

मग पहिला प्रश्न, लॅपटॉप का नाही? ती रोज निफाडहून नाशिकला ये-जा करणार, राहणार घरीच. कॉलेजात लॅब आहे. मग डेस्कटॉप. होस्टेलला राहणार असती तर लॅपटॉप म्हटलं असतं. आणि लॅपटॉपची एक गंमत ऐका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ४०५० हे एकच नाव, पण कंपनी त्याला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. वीज कमी, तर ताकद कमी. म्हणून लॅपटॉप घेताना ग्राफिक्सचे वॅट विचारायचेच.

दुसरा प्रश्न, घरात काय आहे? फुल एचडी टीव्ही होता, एचडीएमआयवाला. मॉनिटरचे पैसे वाचले. ते कार्डात घातले.

शेवटी यादी अशी झाली: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, आरएक्स ६६०० कार्ड आठ जीबीचं, आठ-आठच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम, एक टीबी एसएसडी, नाव असलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय, आणि साधा, जाळीवाला कॅबिनेट. लाईट नाही. ती जरा हिरमुसली. म्हटलं, “लाईट पुढच्या दिवाळीत लाव, माळ मिळते.” आरएक्स ६६०० १३२ वॅटमध्ये काम भागवतं, त्यामुळे वीजही बेताची. बजेटचा सगळ्यात मोठा वाटा कार्डाला गेला, आणि आरपीजीसाठी तसंच हवं. मात्र २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव चांगलेच चढले, त्यामुळे तीच यादी आज तेवढ्यात बसेल असं समजू नका. भाव त्या दिवशीचाच विचारा.

भाव आम्ही आधी नाशिकला दोन-तीन दुकानांत काढले, मग एके दिवशी पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकलने ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडला. फरक निघाला, पण प्रवास, जेवण आणि “काही बिघडलं तर परत मुंबई” हे धरलं तर हातात काही उरत नव्हतं. नाशिकलाच घेतलं. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर. कार्डावर बहुतेक वेळा तीन वर्षांची वॉरंटी असते, पण बिल नसेल तर वॉरंटीसाठी भांडायचं कशावर?

गावाकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून एक ६०० व्हीएचा यूपीएस. तो काही तासभर चालत नाही, पण गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पुरतो. आणि काकांनी स्वतः इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घेतलं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर गेम सोडा, आधी अर्थिंग बघा.

आता ज्यांच्याकडे पंचावन्न हजार नाहीत त्यांच्यासाठी. बहुतेक जण याच गटात आहेत, मीही होतो.

पहिला पर्याय, कार्डाशिवाय. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्येच बरं ग्राफिक्स असतं. पण ते रॅममधूनच मेमरी घेतं, म्हणून १६ ची एक पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या. दोन रस्ते मिळतात, फरक लगेच दिसतो. स्कायरिमसारखा २०११ चा गेम यावर आरामात चालतो. लक्षात ठेवा, नावात “जी” नसलेल्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळीच राहणार.

दुसरा पर्याय, ऑफिसातून निघालेला जुना पीसी आणि त्यात कार्ड. इथे दोन खाचखळगे. त्या पीसींचा पॉवर सप्लाय छोटा असतो, कार्डाला वेगळी वायर देत नाही. म्हणून ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं कार्ड बघा, जसं जीटीएक्स १६५० ची काही मॉडेल किंवा सहा जीबीचं आरटीएक्स ३०५०. आणि डबा बारीक असेल तर बुटकं कार्ड लागतं, आधी पट्टीने मोजा. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर असेल तरच विंडोज ११ नियमाप्रमाणे बसतं.

जुनं कार्ड घेणार असाल तर चालू अवस्थेत बघा. काही भामटे अगदी जुन्या कार्डात बदल करून त्याला १०५० टीआय असं नाव दाखवायला लावतात. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर न्या, ते अशी बरीचशी बनावट कार्डं ओळखतं. अर्धा तास गेम चालवून बघा. विकणारा “वेळ नाही” म्हणाला तर आपल्याकडेही पैसे नाहीत.

तिसरा पर्याय, काहीच घेऊ नका. खरंच. स्टारड्यू व्हॅली घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतो, मोबाईलवरही मिळतो. शेतीचाच गेम आहे, निफाडवाल्यांना शिकवायला नको. आधी बघा, तुम्हाला आरपीजीत शंभर तास घालवायला आवडतंय का. आणि स्टीमवर गेम घेतलात तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. ते दोन तास स्वतःच्या मशीनची परीक्षा घ्यायला वापरा.

आता त्या “हो”बद्दल. बहिणीचा पीसी जोडून झाला, गेम सुरू झाला, काका मागे उभे. म्हणाले, “झालं का चालू?” अगदी तेच शब्द. ती म्हणाली, “हो पप्पा, बघा ना, बसा इथे.” आणि खुर्ची सरकवली.

त्या रात्री घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. सहा वर्षांनी. की तेव्हा गेम चालतच नव्हता, मी खोटं बोललो. बाबा टीव्ही बघत होते. म्हणाले, “माहितीये. तो डबा एवढा ओरडायचा आणि तू त्याच्यासमोर गप्प बसायचास. चालत असता तर तूही ओरडला असतास.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “तेव्हाच सांगितलं असतंस तर दुकानात जाऊन बदलून आणला असता की.”

तर मंडळी, पीसी कोणताही घ्या. पण ज्याच्या घामाचे पैसे आहेत त्याला सोबत घेऊन जा, आणि चूक झालीच तर पहिल्या आठवड्यात सांगा. बदलून मिळायची शक्यता तेव्हाच जास्त असते.

तुमचं बजेट, घरात आधीपासून काय आहे आणि कोणता गेम खेळायचाय, या तीन गोष्टी लिहून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या पाच जणांच्या याद्या करू. भेटू लवकरच. काळजी घ्या, आणि गेम सेव्ह करायला विसरू नका!