पन्हाळ्याचा दगड बघताना

वाघबीळ ओलांडून पन्हाळ्यावर पोचलो की आपल्याला आठवते ती 1660 च्या आषाढातली रात्र, सिद्दी जौहरचा वेढा, बाजीप्रभू. आठवायलाच हवी. पण त्या नादात समोरचं बांधकाम बघायचं राहून जातं, याची मला मनापासून खंत वाटते. इटलीत सान जिमिन्यानो या डोंगरावरच्या गावी जगभरातून माणसं जातात ती तिथले मध्ययुगीन मनोरे बघायला. आपला पन्हाळाही तसंच नांदतं गाव. शिलाहार राजा दुसरा भोज, यादव, बहामनी, आदिलशाही, मराठे, सगळ्यांचा वावर एकाच तटाच्या आत.

आधी अंबारखान्यात जाऊ. गंगा, यमुना, सरस्वती ही इथली धान्याची कोठारं. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं, असं सांगतात. आत शिरल्या शिरल्या मोबाईल काढू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग मान वर करा. सोळा खण आहेत आणि प्रत्येक खणावर वेगळा घुमट. घुमटाचा भार कमानीवर, कमानीचा खाली खांबावर आणि भिंतीवर. नजर त्याच वाटेनं सावकाश खाली आणा. छत कशावर तोललंय हे एकदा उमगलं, की त्या जाडजूड भिंती बोजड वाटत नाहीत. आणि घुमटाच्या माथ्यावरचं भोक? जिन्यानं धान्य वर चढवायचं आणि तिथून आत ओतायचं. आज त्यातून उजेड उतरतो आणि कमानींचा आकार स्पष्ट दिसतो. नक्षी जवळपास नाहीच, तरी ही वास्तू मला गडावरची सर्वांत देखणी वाटते.

नक्षी बघायची तर तीन दरवाजा. इथं दरवाजामागं दरवाजा आणि मधे चौक. शत्रू पहिल्या दारातून घुसला तरी चौकात कोंडला जाणार. त्या चौकात मधोमध उभे राहा आणि चारी बाजूंना बघा, मांडणी लगेच कळेल. मग कोरीवकामाकडे वळा. आदिलशाही काळातला फारसी शिलालेख इथं आहे, आणि आतल्या दाराच्या पट्टीवर मराठ्यांनी बसवलेला छोटा गणपतीही.

पलीकडचा चार दरवाजा मात्र 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गडाच्या राखणदारांच्या, उठावानंतर इंग्रजांनी पाडला. 2025 मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, आता गर्दी वाढणार. तीन दरवाजाला मात्र उन्हं कलल्यावरच जा. तिरप्या उजेडात कोरीवकाम उठून दिसतं.