दोन टेबले, एक यादी

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात रक्तदान शिबिर होते. नोंदणीसाठी दोन टेबले मांडली, दोहोंवर एकेक संगणक ठेवला, आणि दोन्ही पडद्यांवर एकच यादी दिसावी अशी सोय विद्यार्थ्यांनी जावा भाषेत केली. इकडे नाव लिहिले की तिकडे लगेच उमटे. मंडळी खूश, मीही खूश!

दुपारी एका मुलीने कागदी अर्ज पडताळून पाहिले. म्हणाली, "सर, या दात्याचा रक्तगट मघाशीच मी दुरुस्त केला होता. पुन्हा जुनाच दिसतोय."

रक्तपेढी रक्तगट स्वतः तपासते, म्हणून अनर्थ टळला. पण चूक आमचीच होती. ती तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

ब्राउझरने विचारावे आणि सर्व्हरने उत्तर द्यावे, ही वेबची मूळ रीत. विचारल्यावाचून सर्व्हर बोलत नाही. २०११ साली प्रमाणित झालेल्या वेबसॉकेटने ही अडचण दूर केली. पहिली विनंती नेहमीसारखीच जाते. सर्व्हरने होकार दिला की ती वाट उघडीच राहते, आणि टेलिफोनप्रमाणे दोघांनाही केव्हाही बोलता येते. २०१३ च्या जावा ईई ७ पासून जावात याची प्रमाणित सोय आहे, आणि टॉमकॅटसारख्या सर्व्हरवर ती चालते.

आरंभाला एक क्लास पुरतो. जोडणी उघडली, निरोप आला, जोडणी मिटली, अशा तीन प्रसंगी काय करायचे ते त्यात लिहावे. एक खाचखळगा मात्र ध्यानात ठेवा. एरवी प्रत्येक जोडणीसाठी त्या क्लासची नवी प्रत तयार होते. तेव्हा चालू जोडण्यांची यादी सर्व प्रतींना सामाईक हवी, आणि एकाच वेळी अनेकांनी हाताळली तरी न बिघडणारी हवी. नाहीतर एकाचा निरोप दुसऱ्याला पोचायचाच नाही.

इथवर आम्ही नीट आलो होतो. मग घोटाळा कुठे झाला? पहिल्या टेबलावर रक्तगट सुधारला जात असतानाच दुसऱ्या टेबलावर त्याच दात्याचा फोन नंबर सुधारला गेला. दुसऱ्याने अख्खी नोंद पाठवली. तीत रक्तगट जुनाच होता. तो नव्यावर जाऊन बसला. बिचाऱ्या सर्व्हरने शेवटचे आले ते खरे मानले!

"वेळ पाहून ठरवा की," असे तुम्ही म्हणाल. पण दोन संगणकांची घड्याळे तंतोतंत जुळतील, याची हमी कोण देणार? शिवाय शेवटचे ते बरोबरच, असेही नाही.

उपाय साधा आहे. प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक द्यावा. बदल पाठवणाऱ्याने आपण कितवी आवृत्ती पाहिली ते सांगावे. सर्व्हरजवळचा क्रमांक तोच असेल, तर बदल स्वीकारून क्रमांक एकाने वाढवावा आणि सर्वांना कळवावे. नसेल, तर बदल नाकारून ताजी नोंद परत पाठवावी. मात्र क्रमांक ताडणे आणि नोंद लिहिणे ही एकच अखंड क्रिया हवी; मध्ये दुसऱ्याला शिरकाव नको. जोडणी तुटून पुन्हा जुळली, तर ताजी यादी आधी मागवावी, मगच लिहावे.

निरोप झटपट पोचवणे एका दुपारचे काम आहे. खरा कस लागतो तो दोघे एकाच वेळी बोलले असता. म्हणून हा क्रमांक पहिल्याच दिवशी घाला. आमच्या यादीत तो आता आहे. तरी पुढच्या शिबिरात कागदी अर्ज त्या मुलीपाशीच राहतील.