दुसरा जवान फोटोतून कुठे गेला?

 मी अल मवालेहहून बोलतेय. मस्कत, सोहार, सलाला, दुबई, जिथे कुठे बसून ऐकत असाल तिथे चहाचा कप हातात असू द्या. आजचा विषय तुमच्या-आमच्या मोबाइलमधला आहे.

१४ ते २० एप्रिल हा भारतात अग्निशमन सेवा सप्ताह असतो. या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर एका प्रकारचे फोटो फिरतात. लालभडक ज्वाळा, काळं आभाळ, आणि मधोमध एकटा अग्निशमन जवान. फोटो बघून छाती भरून येते. मलाही येते. पण असाच एक फोटो मी स्वतः केला होता, आणि त्याची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. ‘काढला’ नाही म्हणत, ‘केला’ म्हणते. का, ते कळेलच.

मागच्या जूनमध्ये आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत उभ्या असलेल्या एका गाडीने पेट घेतला. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. जूनमधलं इथलं आभाळ तुम्हाला माहीत आहे, धुळीने मातकट झालेलं. नागरी संरक्षण दलाचे दोन बंब आले, जवानांनी पाण्याची नळी ओढली आणि पंधरा-वीस मिनिटांत आग विझवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी बाल्कनीतून फोटो काढले. आमचा सात वर्षांचा मुलगा शेजारीच उभा होता.

रात्री निवांत बसले आणि एक फोटो सजवायला घेतला. उजवी बाजू कापली. तिथे लोक उभे होते, कचऱ्याचा डबा होता, आणखीही काही होतं. मग रंग वाढवले, आभाळ गडद केलं, ज्वाळा उजळल्या. फोटो असा झाला की मलाच माझं कौतुक वाटलं. घरच्या ग्रुपवर टाकला. सोबत एक शब्द लिहिला नाही.

पाच मिनिटांत सांगलीहून सासूबाईंचा फोन. आवाज कापत होता. “अगं, मुलं कुठे आहेत? तुम्ही बाहेर पडलात का?” तिकडे झोपायची वेळ झालेली. त्यांना फोटोत अख्खी वस्ती पेटलेली दिसली. एक गाडी जळली हो, विझलीसुद्धा, हे समजावायला मला दहा मिनिटं लागली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि मुलाने फोटो बघून एवढंच विचारलं, “आई, दुसरे काका कुठे गेले?”

मी कापलेल्या उजव्या बाजूला दुसरा जवान होता. पहिल्याच्या मागे वाकून नळी पेलत होता. मंडळी, दाबाने पाणी सुटलं की नळी माणसाला मागे ढकलते. म्हणून पुढचा नोझल धरतो आणि मागचा त्याला आधार देतो. धुरात शिरतानाही हे लोक जोडीनेच शिरतात. म्हणजे मी ज्याला ‘एकटा वीर’ केलं होतं, तो एकटा नव्हताच. ज्याच्या जोरावर तो उभा होता, त्यालाच मी कापून टाकलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अहो, फोटो थोडा सजवला तर बिघडलं काय? म्हणून दोन खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली अमेरिकेतली, २००६ सालची. तिथल्या ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या वर्तमानपत्रात शिडीवरच्या अग्निशमन जवानाचा एक फोटो छापून आला. मागे सूर्य आणि गडद लाल आभाळ. मूळ फोटोतलं आभाळ होतं तपकिरी-करडं, अगदी आपल्या जूनसारखं. छायाचित्रकाराचं म्हणणं असं की सूर्याची तिरीप टाळायला फोटो अंधारा काढला, त्यात हरवलेला रंग मी परत आणला. वर्तमानपत्राने ते मानलं नाही. त्याची नोकरी गेली.

दुसरी गोष्ट २०१० सालची. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या मोठ्या स्पर्धेत एका छायाचित्रकाराचं बक्षीस काढून घेतलं. त्याने फोटो भरपूर कापला होता आणि कृष्णधवलही केला होता. त्याला कुणाची हरकत नव्हती. पण मागे दिसणाऱ्या एका माणसाच्या पायाचा छोटासा तुकडा त्याने पुसून टाकला होता. कापणं चाललं, पुसणं चाललं नाही.

हा नियम वर्तमानपत्रांचा. पण माझा अनुभव सांगतो की नुसतं कापूनही खोटं बोलता येतं. आणि आपल्या फोटोवर आपली माणसं वर्तमानपत्रापेक्षा जास्त विश्वास ठेवतात, कारण तो आपण पाठवलेला असतो.

ज्वाळा वाढवण्याबद्दल आणखी एक. मोठी ज्वाळा म्हणजे मोठा धोका, हे आपल्याला सिनेमाने शिकवलंय. मुंबईचा इतिहास वेगळं सांगतो. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गाठी धुमसत होत्या. त्याच जहाजात स्फोटकं भरलेली. धूर दिसत होता, पण आग नेमकी कुठे आहे तेच सापडत नव्हतं. जवान पाणी मारत राहिले, आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटलं. अग्निशमन दलाची ६६ माणसं गेली. अग्निशमन सप्ताह १४ एप्रिलला सुरू होतो तो त्यांच्याच स्मरणार्थ. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासमध्ये आगीत इमारतच कोसळली. प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. तेव्हा धुराला कमी लेखू नका. मोबाइलमधलं धुकं कमी करणारं ‘डीहेझ’ बटण धूरही खाऊन टाकतं. फोटो स्वच्छ होतो, आणि ज्यात ते लोक उभे होते तो जीवघेणा धूरच नाहीसा होतो.

मग फोटो सजवायचाच नाही का? सजवा की! मीही सजवते. फक्त काही गोष्टी पाळते.

मूळ फोटो आधी वेगळा ठेवते, कापते ती त्याची प्रत. कापण्याआधी प्रत्येक कडेवर नजर फिरवते आणि विचारते, इथलं जे जातंय ते काम करणाऱ्याचं आहे का? नळीचं दुसरं टोक, शिडीचा पाया, शिडी धरणारे हात हे राहू द्यायचं. कचऱ्याचा डबा गेला तरी चालेल. जवान ज्या दिशेला बघतोय तिकडे जागा सोडायची, म्हणजे तो कशाला सामोरा जातोय ते कळतं. आग किती मोठी होती हे समजायला शेजारची भिंत, गाडी, माणूस, असं काहीतरी मापाला ठेवायचं.

उजेड थोडा कमी-जास्त करायला हरकत नाही. ज्वाळेमुळे मोबाइल बाकी सगळं काळं करतो, तिथे सावल्या जरा उघडल्या की चेहरे आणि हेल्मेट दिसतात. पण आभाळ जसं होतं तसं ठेवायचं. मातकट तर मातकट. वस्तू पुसणारं बटण इथे वापरायचंच नाही.

एका बाबतीत मात्र बिनधास्त कापा. जखमी माणूस, त्याचे नातेवाईक, गाडीची नंबरप्लेट. अपघातातल्या जखमींचे किंवा मृतांचे फोटो परवानगीशिवाय पसरवणं हा ओमानमध्ये गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी, आपल्या घरावर वेळ आली तर आपल्याला ते चालेल का?

सगळ्यात महत्त्वाचं, फोटोच्या आधी शब्द पाठवा. “आम्ही सगळे ठीक आहोत. मागच्या गल्लीत एक गाडी जळली, विझली.” एवढी एक ओळ सांगलीतल्या एका म्हातारीची झोप वाचवते. आणि हो, आग दिसली तर आधी ९९९९ ला फोन, मग बंबाची वाट मोकळी, आणि मग लांबूनच कॅमेरा.

परवा मी तो मूळ फोटो पुन्हा काढला. पूर्ण, दोन्ही जवानांसकट. आभाळ मातकट, कडेला कचऱ्याचा डबा. छापून घेतला आणि मुलाच्या टेबलावर लावला. त्याने खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘दोन काका’.

तुमच्या मोबाइलमध्ये असा एखादा फोटो असेल तर आज मूळ फोटो एकदा उघडून बघा, कडेला कोण उभं होतं ते. पुढच्या आठवड्यात भेटूच. काळजी घ्या. नमस्कार.