विज्ञानाच्या तासाला कमलाबाई सोहोनी



सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशीच्या शालेय भाषणांत आणखी एका घटनेचा उल्लेख व्हावयास हवा. तो सहसा होत नाही. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या कमला भागवत या विद्यार्थिनीने बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. संचालक असलेल्या रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. तिने माघार घेतली नाही, तेव्हा अटी घालण्यात आल्या : एक वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल, आणि तिच्यामुळे इतर संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये. वर्षभरानंतर तिचे काम पाहून रामन यांचे मत पालटले व संस्थेची दारे इतर विद्यार्थिनींसाठीही उघडली. रामन यांची थोरवी कमी न करता ही हकिकत सांगता येते, आणि ती तशीच सांगितली पाहिजे.

मात्र बहुतेक ठिकाणी कथा इथेच संपते. मुलगी अडली, झगडली, जिंकली, एवढेच वर्गाच्या ध्यानात राहते. प्रयोगशाळेत शिरल्यावर तिने केले काय, हे विचारले तर वर्ग निरुत्तर होतो. शास्त्रज्ञाची ओळख तिच्या शास्त्रावाचून करून देण्याचा हा प्रकार विचित्रच म्हणावयाचा.

बंगलोर येथे त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर काम करीत असता ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे त्यांना आढळले. पेशी अन्नापासून ऊर्जा मिळवितात त्या श्वसनक्रियेत या प्रथिनाचा वाटा असतो. या संशोधनावर १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. श्वसनाचा पाठ माध्यमिक शाळेत शिकवावा लागतोच. त्याच तासाला टेबलावर एक बटाटा ठेवून ही गोष्ट सांगावी. केंब्रिज वर्गात आणता येत नाही, बटाटा येतो.

विवाहानंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करताना कमलाबाईंनी नीरा, डाळी व तांदळाचे पीठ यांच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. गरिबांच्या ताटातील अन्नाचा कस त्यांनी प्रयोगशाळेत पाहिला. पुढे त्या या संस्थेच्या संचालकही झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

हा पाठ मुलांनाही तितक्याच अगत्याने सांगावा. केवळ मुलींच्या सभेसाठी तो राखून ठेवू नये. आणि पाठ सांगून झाल्यावर शिक्षकांनी आपल्याच प्रयोगशाळेकडे एकदा निरखून पाहावे. अनेक शाळांत परीक्षानळी व दिवा मुलांच्या हाती असतो आणि निरीक्षणे टिपण्याची वही मुलींच्या हाती, कारण त्यांचे अक्षर चांगले असते! उपकरणे अपुरी असली की हे हटकून घडते. गटांतील कामे दर प्रयोगाला बदलण्यास पैसा लागत नाही. नळ्या, दिवे व रसायने वाढविण्यास मात्र तो लागतो. शाळेच्या गरजांची यादी पंचायतीपुढे येईल तेव्हा सदस्यांनी ही बाब शेवटच्या ओळीत ढकलू नये.