नोकरी स्वीकारण्याआधी



बीकॉम, एमबीए किंवा सीए झालेल्या मुलामुलींच्या हाती पहिली ऑफर आली की घरातले आधी पॅकेज विचारतात. विचारावंच. शिक्षणाचं कर्ज असतं, मुंबई-पुण्यात खोलीचं भाडं असतं. पण बँक, ब्रोकिंग, ऑडिट अशा पैशांच्या धंद्यात शिरताना आणखी एक गोष्ट पाहून घ्या, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. त्या ऑफिसात ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाचं काय होतं?

बँकेत मेकर-चेकर पद्धत असते. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. पण चेकर अडून बसला, तर साहेब त्याचं कारण ऐकून घेतात, की ‘आज सोड, उद्या बघू’ म्हणतात? लंडनची बेअरिंग्ज बँक १७६२ साली निघाली आणि १९९५च्या फेब्रुवारीत बुडाली. सिंगापुरात बँकेचा कर्मचारी निक लीसन सौदे करत होता आणि त्या सौद्यांचा हिशेब ठेवणारा विभागही त्याच्याच हाताखाली होता. ही दोन कामं वेगळी करा, असं बँकेच्याच अंतर्गत तपासणीनं १९९४ साली लिहून दिलं होतं. पण सिंगापूरहून नफ्याचे आकडे येत होते, आणि ते काम तसंच राहिलं. शेवटी तोटा ८२ कोटी पौंडांच्या वर गेला.

वेल्स फार्गोचं प्रकरण तर नवख्या मुलांनी आवर्जून समजून घ्यावं. या अमेरिकी बँकेत एकेका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ खाती-योजना घालायचा आग्रह होता. टार्गेटच्या धाकानं लोकांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ साली बँकेला साडेअठरा कोटी डॉलर दंड झाला. सुमारे ५,३०० जणांची नोकरी गेली, त्यातले बहुतेक खालच्या पायरीवरचे. गैरप्रकार वरिष्ठांच्या कानावर घालणाऱ्या एका अधिकाऱ्याला बँकेनं काढलं होतं. त्याला परत घ्या, असा आदेश २०१७ साली अमेरिकेच्या कामगार खात्यानं दिला. टार्गेट देणारे वरच्या मजल्यावर असतात, पण फॉर्मवर सही तुमची असते. म्हणून मुलाखतीत विचारा: टार्गेट चुकलं तर पुढच्या मीटिंगमध्ये काय होतं? उत्तर देताना समोरचा अडखळला, तर ते लक्षात ठेवा.

दुसरी खूण रजेची. रजा मागणारा कामचुकार, असा समज आपल्याकडे फार आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र उलट सांगतो. ट्रेझरी, करन्सी चेस्ट अशा संवेदनशील जागांवरच्या माणसाला वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, सक्तीच्या रजेवर पाठवायचं असतं. त्याच्या खुर्चीत दुसरा बसला की लपवलेलं वर येतं. तेव्हा ‘आमच्याकडे कुणी रजाच घेत नाही’ असं कुणी अभिमानानं सांगितलं, तर मला धास्तीच वाटते.

मार्च एंडिंगला रात्री उशीर होणारच. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची घाई असतेच. त्यावरून जागा वाईट ठरवू नका. जून-जुलैतल्या साध्या मंगळवारी त्या ऑफिसातली माणसं किती वाजता घरी निघतात, ते विचारा. एचआर ते सांगणार नाही. दोन वर्षं तिथं काढलेला कॉलेजचा सीनियर सांगेल, आणि सोडून गेलेला अधिक मोकळेपणानं सांगेल. तुमच्याआधी या जागेवर कोण होतं, ते का गेले, हेही विचारा. ऑफर लेटरमध्ये नोटीस पिरियड किती, बाँड आहे का, पगारातलं इन्सेंटिव्ह किती, हे सही करण्याआधी घरी बसून नीट वाचा.

स्वतःचा स्वभावही पाहा. माणसांत रमणारी मुलगी कर्जाच्या फायली तपासत कोमेजते, आणि बारकाईनं वाचणारा मुलगा विमा विकताना झुरतो.

हप्ते डोक्यावर असताना निवड करायला वावच नसतो, हे मला ठाऊक आहे. नोकरी घ्यावीच लागली, तर एक करा. साहेबांनी नियम वाकवायला तोंडी सांगितलं, की ऑफिसच्याच ईमेलवर नम्रपणे लिहा, ‘आपण असं करायला सांगितलं, तसं करायचं ना?’ लेखी होकार आला नाही, तर ते काम करू नका. आणि दुसऱ्या नोकरीचा शोध त्याच आठवड्यात सुरू करा.